एक देश, दोन सरकारं : मान्यता कोणाला, कधी आणि का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न नाशिक आणि आसपासच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. कॉलेज रोडच्या अभ्यासिकांत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, लासलगाव-पिंपळगावचे कांदा व्यापारी, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष निर्यातदार आणि सकाळचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारी ज्येष्ठ मंडळी, असे सगळेच ते विचारतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एखाद्या सरकारला ‘मान्यता दिली’ म्हणजे नेमकं काय केलं?

‘त्या देशाच्या वतीने बोलायचा, सह्या करायचा आणि देणंघेणं करायचा अधिकार आम्ही यांचा मानतो,’ असं एका देशाने सांगितलं, की ती मान्यता. त्यासाठी ठरलेला अर्ज किंवा नमुना नाही. कधी परराष्ट्र मंत्रालय पत्रक काढतं, कधी अभिनंदनाची तार जाते, तर कधी नव्या राजदूताची अधिकारपत्रं स्वीकारली जातात आणि तेवढ्यात सगळं आलं.

मान्यता म्हणजे चांगुलपणाचं प्रशस्तिपत्र नाही. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो, तरी उत्तरपत्रिकेत ‘मान्यता दिली म्हणजे पाठिंबा दिला’ असं वाक्य सापडतंच. नकोशा वाटणाऱ्या सरकारालाही देश मान्यता देतात, आणि आवडत्या सरकारची मान्यता सोयीनुसार काढूनही घेतात.

२. देशाला मान्यता आणि सरकारला मान्यता, यात फरक काय?

देश म्हणून उभं राहायला काय लागतं, ते १९३३ च्या मोंटेव्हिडिओ करारात लिहिलं आहे : कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. देश एकदा उभा राहिला की सहसा टिकतो. त्याच्या गादीवर कोण, हा वेगळा प्रश्न. २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा अफगाणिस्तान हा देश आहे की नाही, असं कोणी विचारलं नाही. त्याच्या नावाने सही कोण करणार, एवढाच वाद होता. हे पान त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

३. मग प्रत्येक निवडणुकीनंतर नव्याने मान्यता द्यावी लागते का?

नाही. राज्यघटनेनुसार सत्ता बदलली तर मान्यतेचा विषयच निघत नाही. बंड, क्रांती, यादवी किंवा वादग्रस्त निवडणुकीतून दोन दावेदार उभे राहिले, की तो निघतो.

कांदा व्यापाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न बांगलादेशाचा असतो. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून आल्या, ८ तारखेला मुहम्मद युनूस यांच्या हंगामी सरकारने शपथ घेतली आणि भारताच्या पंतप्रधानांनी त्यांना त्याच दिवशी शुभेच्छा दिल्या. ढाक्यात दुसरं सरकार असल्याचा दावा करणारं कोणी नव्हतं, त्यामुळे निवडीचा प्रसंग आला नाही. त्या दिवसांत सीमेवर माल अडकला तो अशांततेमुळे. मान्यतेशी त्याचा संबंध नव्हता.

४. मान्यता कोणाला द्यायची, याचा काही नियम आहे की नाही?

जुनी कसोटी प्रत्यक्ष ताब्याची आहे. राजधानी, तिजोरी, पोलिस, बंदरं कोणाच्या हातात आहेत आणि लोक कोणाचा हुकूम मानतात, ते पाहायचं. १९२३ चा टिनोको लवाद यासाठी अजूनही शिकवला जातो. कोस्टा रिकात फेडेरिको टिनोकोने १९१७ मध्ये बंड करून सत्ता घेतली आणि १९१९ मध्ये ती गेली. त्याच्या काळातले करार पुढच्या सरकारने कायदा करून रद्द केले. ब्रिटिश कंपन्यांचे पैसे अडकले आणि ब्रिटन भांडायला उभं राहिलं. अडचण अशी, की खुद्द ब्रिटननेच टिनोकोला मान्यता दिली नव्हती. लवाद होते अमेरिकेचे सरन्यायाधीश आणि माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट. त्यांनी सांगितलं, की देशावर खरोखर ज्याचा अंमल होता ते सरकारच, इतरांनी मान्यता दिलेली असो वा नसो. त्यांतल्या एका बँकेचे पैसे मात्र तरीही बुडाले, कारण पळून जाण्याच्या बेतात असलेल्या टिनोकोच्या खासगी खर्चासाठी ते जात आहेत, हे बँकेला ठाऊक होतं.

याच्या उलट विचारही झाला. १९०७ मध्ये इक्वाडोरचे कार्लोस टोबार म्हणाले, की बंडातून आलेल्या सरकारला लोकांनी मुक्तपणे कौल देईपर्यंत मान्यताच देऊ नये. १९३० मध्ये मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री गेनारो एस्त्रादा यांनी तिसरीच भूमिका घेतली. दुसऱ्याच्या घरात कोण कर्ता हे आपण जाहीर करणं हाच त्या देशाचा अपमान आहे, तेव्हा सरकारांना मान्यता देणं-नाकारणं बंद करावं आणि राजदूत ठेवायचा की परत बोलवायचा एवढंच ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटनने १९८० मध्ये साधारण हाच मार्ग धरला : मान्यता देशांना द्यायची, सरकारांना नाही.

माझं मत विचाराल, तर एस्त्रादांची वाट सर्वांत शहाणपणाची. पण ती दोन दावेदार तुल्यबळ असले की अपुरी पडते. राजदूत कोणाच्या दारात पाठवायचा, हे तेव्हा ठरवावंच लागतं. ब्रिटनवरही ती वेळ आली (प्रश्न ११).

५. पक्ष फुटल्यावर पक्ष आणि चिन्ह कोणाचं, हे निवडणूक आयोगाने ठरवलं. तसं इथे कोण ठरवतं?

कोणीच नाही. शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या वादात वर आयोग होता आणि त्याच्याही वर सर्वोच्च न्यायालय. देशांच्या वर असं कोणी नाही. प्रत्येक देश आपापल्यापुरतं ठरवतो. त्यामुळे एकच सरकार एका राजधानीत अधिकृत आणि शेजारच्या राजधानीत बंडखोर असू शकतं. संयुक्त राष्ट्रं ठरवतात असा समज आहे. तिथे खरं काय होतं, ते प्रश्न ९ मध्ये पाहा.

६. आपल्या इतिहासात असं कधी घडलंय का?

घडलंय, आणि त्यातलं एक टोक नाशकातच आहे. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते. तिथे राघोबादादांचा वाडा होता. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि राघोबादादा पेशवे झाले. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रंही त्यांना आली. पुढच्या वर्षी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर मुलगा झाला. राघोबादादांच्या विरोधातल्या पुण्याच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, त्या तान्ह्या मुलाला, म्हणजे सवाई माधवरावांना, पेशवा केलं, आणि साताऱ्याची वस्त्रं आता तिकडे गेली. पेशवाई एक, दावेदार दोन.

राघोबादादा इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने मुंबईकर इंग्रजांनी त्यांना पेशवा मानलं आणि बदल्यात साष्टी-वसई मागितली. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलला हे पसंत पडलं नाही. त्यांनी मुंबईचा तह बेकायदा ठरवला, स्वतःचा वकील पाठवला आणि मार्च १७७६ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. एकाच कंपनीच्या दोन कचेऱ्या दोन वेगळ्या सरकारांशी बोलत होत्या! शेवटी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी सवाई माधवरावांना पेशवा मानलं आणि राघोबादादांना वार्षिक नेमणूक मिळाली.

आजच्या वादांत जे दिसतं ते सगळं यात आहे. मान्यता देणाऱ्याने किंमत मागितली, मान्यता देणाऱ्यांतच फूट होती आणि निकाल लागला तो रणांगणावर. वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांना नमतं घ्यावं लागलं नसतं, तर सालबाईला वेगळंच नाव लिहिलं गेलं असतं, असं मला वाटतं.

त्याआधीचं शाहू-ताराबाई प्रकरणही याच जातीचं. दोन्ही बाजू मुघल दरबाराकडे सनदा मागत होत्या. बहादूरशहाने कोणाचाच दावा पक्का केला नाही. बाळाजी विश्वनाथांनी शाहूंच्या नावे सनदा आणल्या त्या १७१९ मध्ये, दिल्लीत फौज घेऊन गेल्यावर.

७. चीन आणि तैवानचा वाद हा दोन देशांचा की दोन सरकारांचा?

कागदावर दोन सरकारांचा. १९४९ मध्ये माओंचा पक्ष जिंकला, १ ऑक्टोबरला बीजिंगमध्ये नवं प्रजासत्ताक जाहीर झालं आणि चँग कै-शेक यांचं सरकार तैवान बेटावर गेलं. दोघंही ‘आम्हीच सगळ्या चीनचं सरकार’ म्हणत राहिले. त्यामुळे जगाला एकाची निवड करावी लागली. ताब्याची कसोटी लावून भारताने ३० डिसेंबर १९४९ ला बीजिंगला मान्यता दिली. बिगर-कम्युनिस्ट देशांत आपल्या आधी फक्त ब्रह्मदेश होता. अमेरिकेने तीस वर्षं तैवानचीच बाजू धरली आणि १ जानेवारी १९७९ ला मान्यता बीजिंगकडे वळवली.

संयुक्त राष्ट्रांत निकाल लागला २५ ऑक्टोबर १९७१ ला. ठराव क्रमांक २७५८, बाजूने ७६, विरोधात ३५, तटस्थ १७. भारताने बाजूने मत दिलं, १९६२ चं युद्ध होऊनही. विद्यार्थ्यांनी हा ठराव एकदा मुळातून वाचावा. जेमतेम एका पानाचा आहे. त्यात ‘तैवान’ हा शब्द कुठेही नाही. चीनच्या जागेवर कोणाचे प्रतिनिधी बसतील ते त्यात ठरलं आणि ‘चँग कै-शेक यांच्या प्रतिनिधींना’ तिथून काढण्यात आलं. तैवान बेट कोणाचं, यावर ठराव गप्प आहे. बीजिंग म्हणतं तेही त्यातच आलं. तैपेई आणि वॉशिंग्टन म्हणतात, आलं नाही. आजचा सगळा वाद या गप्प बसण्यावर उभा आहे.

तैवानकडे आज बारा मान्यता उरल्या आहेत. व्हॅटिकन, पॅराग्वे, आफ्रिकेतला एकटा एस्वातिनी आणि मुख्यतः कॅरिबियन व प्रशांत महासागरातली छोटी राष्ट्रं. होंडुरास मार्च २०२३ मध्ये आणि नाउरू जानेवारी २०२४ मध्ये बीजिंगकडे गेलं.

८. मान्यताच नाही, तर आपला तैवानशी व्यवहार कसा चालतो?

दूतावासाऐवजी ‘संघटना’ आणि ‘केंद्र’ अशी नावं ठेवून. १९९५ मध्ये तैपेईत इंडिया-तैपेई असोसिएशन सुरू झालं. तैवानचं तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र दिल्लीत, चेन्नईत आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईतही आहे. व्हिसा, व्यापार, शिक्षण सगळं तिथून होतं. दारावर दूतावासाची पाटी तेवढी लागत नाही.

९. संयुक्त राष्ट्रांत ज्याची खुर्ची, ते खरं सरकार, असं धरायचं का?

धरू नका. तिथे नऊ देशांची अधिकारपत्र समिती प्रतिनिधींची पत्रं तपासते आणि शेवटचा शब्द आमसभेचा असतो. हा निर्णय फक्त खुर्चीपुरता असतो. कोणत्याही देशावर मान्यतेचं बंधन त्यातून येत नाही.

कंबोडियाचं उदाहरण मला आजही अस्वस्थ करतं. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी पोल पॉटची राजवट हाकलली. नॉम पेन्हमध्ये हेंग सामरिन यांचं सरकार आलं. तरीही ज्या राजवटीत लाखो माणसं मेली, तिच्याच प्रतिनिधींकडे संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची पुढे कित्येक वर्षं राहिली, आधी एकट्यांकडे आणि १९८२ पासून आघाडीच्या नावाने. कारण शीतयुद्धाचं होतं. व्हिएतनामच्या मागे सोव्हिएत संघ होता, म्हणून चीन, अमेरिका आणि आसियान देशांनी जुन्यांचीच पाठराखण केली. भारताने १९८० मध्ये हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली आणि त्यासाठी पुष्कळ टीका सोसली. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली. न्यूयॉर्कमधले राजदूत क्याव मो तुन लष्कराच्या विरोधात उभे राहिले. समितीने निर्णय लांबणीवर टाकला आणि खुर्ची त्यांच्याकडेच राहिली. देशात सत्ता एकाची आणि न्यूयॉर्कमध्ये खुर्ची दुसऱ्याची. अफगाणिस्तानचंही तेच झालं.

१०. तालिबानला भारताने मान्यता दिली आहे का? मग मुंबईत त्यांचा माणूस कसा?

इथे टप्पे पाहावे लागतात. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, तेव्हा आपले अधिकारी परत आले. जून २०२२ मध्ये ‘तांत्रिक पथक’ काबूलला गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये जुन्या प्रजासत्ताकाच्या राजदूतांनी दिल्लीतला दूतावास बंद करत असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुंबईच्या वाणिज्य दूतावासात आपला प्रतिनिधी नेमला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले आणि भारताने काबूलमधल्या पथकाला दूतावासाचा दर्जा द्यायचं जाहीर केलं. औपचारिक मान्यता तेव्हाही जाहीर झाली नाही.

त्या भेटीतली एक गोष्ट बघण्यासारखी होती. दिल्लीतल्या अफगाण दूतावासावर जुन्या प्रजासत्ताकाचा तिरंगी झेंडा होता आणि आत पत्रकार परिषदेच्या टेबलावर तालिबानचा छोटा पांढरा झेंडा. आपलं धोरण त्या एका चित्रात आलं : व्यवहार करू, पण शिक्का मारणार नाही. मान्यता देणारा पहिला देश रशिया ठरला, जुलै २०२५ मध्ये. १९९६ ते २००१ या आधीच्या राजवटीला पाकिस्तान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात अशा तिघांनीच मान्यता दिली होती.

११. परदेशात ठेवलेला पैसा आणि सोनं कोणत्या सरकारला मिळतं?

बहुतेक भांडणांचं मूळ इथेच असतं. व्हेनेझुएलात २३ जानेवारी २०१९ ला हुआन ग्वाइदो यांनी स्वतःला हंगामी राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं. पन्नासहून जास्त देशांनी त्यांना मानलं. भारताने मानलं नाही. राजधानी काराकासचा कारभार, लष्कर, तेल सगळं आधीपासून सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष मादुरो यांच्याच हातात होतं. पण व्हेनेझुएलाचं सुमारे ३१ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात होतं आणि दोघांनीही त्यावर हक्क सांगितला. १९८० पासून सरकारांना मान्यता न देणाऱ्या ब्रिटनने यावेळी ग्वाइदोंचं नाव घेऊन मान्यता दिली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकार आणि न्यायालय दोन सुरांत बोलू शकत नाहीत. सरकारने ज्यांना राष्ट्राध्यक्ष म्हटलं, न्यायालयालाही तेच. वर्षभरानंतर, ३० डिसेंबर २०२२ ला, व्हेनेझुएलाच्या विरोधकांनीच मतदान करून ग्वाइदोंचं हंगामी सरकार मोडीत काढलं.

अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेत गोठले. त्यातले साडेतीन अब्ज २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका निधीत ठेवले गेले. काबूलच्या बँकांसमोर स्वतःच्याच ठेवी काढायला रांगा लावणाऱ्या लोकांचा या राजकारणाशी काय संबंध होता? आर्थिक कोंडी सरकारची करायची म्हटली, तरी पहिला चटका सामान्य माणसाला बसतो.

१२. माल जहाजावर चढला आणि तिकडे सरकार पडलं, तर?

खरेदीदार खासगी असेल तर तुमचा करार त्याच्याशी आहे आणि मान्यतेमुळे तो मोडत नाही. बंदर, बँक आणि निर्बंध यांची अडचण वेगळी, ती आपल्या बँकेशी आणि विमा कंपनीशी बोलून घ्यावी. खरेदीदार सरकार असेल तर मात्र गुंता होतो. जानेवारी १९९१ मध्ये सोमालिया सरकारने घेतलेला तांदूळ मोगादिशूला निघाला आणि तेवढ्यात सियाद बारे यांची सत्ता कोसळली. लढाईमुळे माल उतरवता येईना. तो विकून पैसे लंडनच्या न्यायालयात जमा झाले. नव्या ‘हंगामी सरकारने’ ते मागितले. न्यायालयाने पाहिलं, की यांचा प्रत्यक्ष अंमल किती, ब्रिटनचे यांच्याशी व्यवहार आहेत का. अंमल राजधानीतही धड नव्हता. १९९२ मध्ये मागणी फेटाळली गेली.

उलटाही किस्सा आहे. रशियन क्रांतीनंतर जप्त झालेली लाकडी फळकुटं सोव्हिएत सरकारने एका ब्रिटिश कंपनीला विकली. मूळ मालक खटला जिंकला, कारण ब्रिटनने सोव्हिएतांना मान्यता दिली नव्हती. अपील चालू असताना, १९२१ मध्ये, ब्रिटनने त्यांचं सरकार प्रत्यक्षात सत्तेवर असल्याचं मान्य केलं. निकाल फिरला आणि फळकुटं खरेदीदाराची झाली.

१३. १९७१ मध्ये बांगलादेशाचं हंगामी मुजीबनगर सरकार एप्रिलमध्येच झालं. भारत डिसेंबरपर्यंत का थांबला?

ते सरकार १० एप्रिलला स्थापन झालं, १७ ला शपथविधी झाला आणि कारभार कलकत्त्यातून चालला. १८ एप्रिलला तिथल्या पाकिस्तानी उपउच्चायुक्तालयावर बंगाली कर्मचाऱ्यांनी बांगलादेशाचा झेंडा चढवला. संसदेत आणि रस्त्यावर मान्यतेची मागणी जोरात होती. पण ताब्यात फारशी जमीन नसताना दिलेली मान्यता म्हणजे दुसऱ्या देशाच्या कारभारात ढवळाढवळ, असं जगाने म्हटलं असतं, आणि फौज, हवामान, मॉस्कोशी करार यांची जुळवाजुळव व्हायची होती. ३ डिसेंबरला पाकिस्तानने हवाई हल्ले केले आणि ६ डिसेंबरला भारताने मान्यता दिली. भूताननेही त्याच दिवशी. पाकिस्तानने लगेच आपल्याशी राजनैतिक संबंध तोडले. खुद्द पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली फेब्रुवारी १९७४ मध्ये आणि चीनने ऑगस्ट १९७५ मध्ये.

१४. एकदा दिलेली मान्यता काढून घेता येते का?

येते, आणि काही छोटे देश तर ती वारंवार फिरवतात. नाउरूने १९८० मध्ये तैवानला मान्यता दिली, २००२ मध्ये बीजिंगला, २००५ मध्ये पुन्हा तैवानला आणि २०२४ मध्ये पुन्हा बीजिंगला. प्रत्येक वेळी मदत आणि कर्ज हे विषय चर्चेत असतात. त्यांना दूषणं देण्याआधी साष्टी-वसई आठवा (प्रश्न ६).

१५. दोन्ही सरकारांना एकदम मान्यता देता येत नाही का?

दोघं वेगवेगळे देश म्हणून राहायला तयार असतील तर येते. भारताने डिसेंबर १९७३ मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरिया दोघांशीही राजनैतिक संबंध जोडले. दोन्ही जर्मनी सप्टेंबर १९७३ मध्ये एकत्रच संयुक्त राष्ट्रांत आल्या. बीजिंग मात्र ही सवलत देत नाही.

१६. धरमशालेत तिबेटचं निर्वासित प्रशासन आहे. भारत त्याला सरकार मानतो का?

नाही. भारताने आश्रय दिला, शाळा आणि वसाहतींना जागा दिली, पण सरकार म्हणून मान्यता दिलेली नाही. २००३ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूभागाचा भाग असल्याचं भारताने लेखी मान्य केलं. याउलट २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापूरला स्थापन झालेल्या नेताजींच्या आझाद हिंद सरकारला जपान, जर्मनी, इटली आदी देशांनी मान्यता दिली होती. ते सगळे महायुद्धातल्या एकाच बाजूचे होते.

१७. मान्यता नसलेल्या सरकारच्या हद्दीत आपला माणूस अडकला तर?

सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. येमेनची राजधानी साना सप्टेंबर २०१४ पासून हुथी बंडखोरांच्या ताब्यात आहे. जग ज्यांना मानतं ते सरकार एडनमध्ये, आणि येमेनसाठीचा आपला दूतावास काम करतो रियाधमधून. केरळच्या एका परिचारिकेला सानामध्ये फाशीची शिक्षा झाली. वकील देता येतो, कुटुंबाला मदत करता येते, पण ज्यांच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या आहेत त्यांच्याशी सरकार म्हणून बोलायची सोय नाही. मग मित्रदेश, धर्मगुरू, टोळीप्रमुख यांच्यामार्फत बोलणी होतात. जुलै २०२५ मध्ये ठरलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी फाशी पुढे ढकलली गेली, ती अशाच प्रयत्नांनंतर.

म्हणून नाशिकहून आखातात किंवा आफ्रिकेत नोकरीला निघालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. जायच्या शहरावर ताबा कोणाचा आहे आणि तिथे आपला दूतावास आहे का, हे एजंटाच्या तोंडून ऐकू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा, तिथे पोचल्यावर जवळच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा, आणि मूळ पासपोर्ट मालकाच्या हाती देऊ नका.